ब्लॉकवाले दादासाहेब

दादासाहेब फाळके म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१३ एवढंच आपल्याला आठवतं. मी खामगावला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मला तर तेवढंही जी.के.च्या पुस्तकातूनच माहीत. शेगावला आल्यावर सेमिनारसाठी होलोग्राफिक डेटा स्टोरेज हा विषय घेतला. त्यातल्या प्रकाशाने बदलणाऱ्या पॉलिमरचा मागचा इतिहास शोधता शोधता छपाईच्या ब्लॉकपर्यंत पोचले, आणि तिथे फाळके भेटले. सिनेमाच्या आधीचे.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईचं जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. तरी हा माणूस कॅमेरा सोडत नाही! पुढे पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी लागली, तीही स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली आणि १९०८ मध्ये लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला. रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये थेट जर्मनी गाठलं.

त्या काळी फोटोवरून ब्लॉक कसा करत, ते आपण इंजिनिअर लोकांनी वाचण्यासारखं आहे. जिलेटीन किंवा तसलाच चिकट पदार्थ घ्यायचा, त्यात डायक्रोमेट मिसळायचं, धातूच्या पत्र्यावर थर द्यायचा आणि वर निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा. उजेड पडला तिथे थर कडक होतो, बाकीचा पाण्याने धुऊन जातो. उघड्या पडलेल्या धातूला ॲसिड खातं, चित्र उठून राहतं. जिलेटीन म्हणजे लांब साखळ्यांचं प्रोटीन, नैसर्गिक पॉलिमरच. क्रोमियम त्या साखळ्या एकमेकींना बांधतं. आपलं क्रॉसलिंकिंग, दुसरं काय!

हेच डायक्रोमेटवालं जिलेटीन बेल लॅब्जच्या शँकॉफने १९६८ मध्ये लेसरच्या होलोग्रामसाठी वापरलं. पण ते एक्सपोजरनंतर धुवावं लागतं, डिस्कला ते कसं चालणार? म्हणून डेटासाठी फोटोपॉलिमर आले. दोन लेसर किरणांच्या उजळ पट्ट्यांत मोनोमर जुळतात, अंधाऱ्या पट्ट्यांतले तिकडे सरकतात आणि थराच्या पूर्ण जाडीत माहिती बसते.

असो. भागीदारांशी पटेना म्हणून फाळक्यांनी १९११ च्या सुमारास छपाई सोडली. त्याच वर्षी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि वेड लागलं. रोज सिनेमे बघून, झोप सोडून डोळे इतके बिघडले की काही दिवस दिसेनासं झालं. उजेडावर जगणाऱ्या माणसाचे डोळे जाणं म्हणजे काय! उपचारांनी दृष्टी आली, तर हे विमा गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला.

परत आल्यावर वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ती छोटी फिल्म दाखवून कर्ज मिळवलं. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसत. दादरच्या घरी रात्री अंधारात सरस्वतीबाई, त्यांच्या दुसऱ्या पत्नी, ती पाडत. फिल्म धुण्याचं कामही त्या शिकल्या होत्या. दागिने तर आधीच गेलेले. माझ्या जी.के.च्या पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला वारले.