लिओनार्ड चेशायर : बॉम्बफेकी वैमानिक ते अपंगांचे सोबती

अंधेरीच्या महाकाली गुंफा मार्गावर 'बेथलेहेम हाऊस' हे अपंगांसाठीचे घर १९५० च्या दशकात सुरू झाले. ते स्थापन करणारे गृहस्थ एके काळी ब्रिटिश हवाई दलातील नामवंत बॉम्बफेकी वैमानिक होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

लिओनार्ड चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. वडील कायद्याचे गाढे अभ्यासक. मुलानेही ऑक्सफर्डमध्ये कायद्याचेच शिक्षण घेतले. दुसरे महायुद्ध पेटले आणि ते बॉम्बफेकी विमाने चालवू लागले. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनीवरील मोहिमेत त्यांच्या विमानाला तोफगोळ्याने भगदाड पडले, आत आग लागली. तरीही त्यांनी ते सहकाऱ्यांसह मायदेशी आणले. पुढे ग्रुप कॅप्टनपदी बढती मिळाल्यावर, पुन्हा उड्डाणे करता यावीत म्हणून त्यांनी खालची श्रेणी पत्करली आणि ६१७ क्रमांकाच्या तुकडीचे नेतृत्व स्वीकारले.

८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री फ्रान्समधील लिमोज येथे जर्मनांसाठी विमानाची इंजिने बनविणारा कारखाना नष्ट करावयाचा होता. आत फ्रेंच कामगार होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. चेशायर यांनी छपरालगत तीन वेळा विमान नेऊन त्यांना बाहेर पडण्याचा इशारा दिला आणि मगच लक्ष्यावर खुणेचे दिवे टाकले. शत्रूच्या तोफा समोर असता असा वेळ देणे म्हणजे स्वतःचा जीव पणाला लावणे होय. त्याच वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा सन्मान बहुधा एखाद्या अतुलनीय कृत्यासाठी दिला जातो; त्यांना तो चार वर्षांतील शंभर मोहिमांसाठी लाभला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून ते दुसऱ्या एका विमानात होते. ते विमान मागे राहिल्याने धुराचा तो प्रचंड स्तंभ त्यांनी दुरून पाहिला. त्याच्या तळाशी उराकामीचे कॅथेड्रल होते आणि शतकानुशतके छळ सोसून श्रद्धा जपणाऱ्या जपानी कॅथलिकांची वस्ती होती.

या दृश्याच्या पश्चात्तापातून चेशायर सेवेकडे वळले, असे सर्रास सांगितले जाते. ही कथा ऐकायला सोयीची आहे, पण खरी नाही. त्या बॉम्बमुळे युद्ध थांबले आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपूर्ण शहरांच्या सरसकट विध्वंसाचा निषेध केला आहे. तेव्हा त्यांचे हे मत आपल्याला पटेलच असे नाही. परंतु त्यांच्या तोंडी आपल्या आवडीचा पश्चात्ताप घालणे योग्य नव्हे.

वळण आले ते एका माणसामुळे. युद्धानंतर माजी सैनिकांसाठी त्यांनी उभारलेली वसाहत मोडली होती. हॅम्पशायरमधील 'ल कोर्ट' नावाचा मोठा वाडा आणि कर्ज एवढेच हाती उरले होते. १९४८ मध्ये हवाई दलात काम केलेले त्यांचे एक परिचित, आर्थर डाइक्स, कर्करोगाने मरणपंथाला लागले. रुग्णालयाला आणखी काही करता येण्याजोगे नव्हते. चेशायर यांनी त्यांना घरी आणले. शुश्रूषेचे शिक्षण नसताना त्यांना भरविले, अंग पुसले, रात्री जागून काढल्या. डाइक्स हे श्रद्धेपासून दुरावलेले कॅथलिक होते. आजारपणात ते पुन्हा ख्रिस्तसभेकडे वळले. त्यांनी शांतपणे पत्करलेला मृत्यू अँग्लिकन घरात वाढलेल्या चेशायर यांनी जवळून पाहिला. त्याच वर्षी, नाताळच्या पूर्वसंध्येला, त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला.

तोपर्यंत वाड्यात दुसरे रुग्ण येऊ लागले होते. पुढे स्वतः चेशायर क्षयाने दोन वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात पडून होते, तरी घरांची संख्या वाढतच गेली. अंधेरीचे घर हे ब्रिटनबाहेरील आरंभीच्या घरांपैकी एक.

मुंबईशी त्यांचे आणखी एक नाते जडले. ५ एप्रिल १९५९ रोजी येथील कॅथलिक कॅथेड्रलमध्ये स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्धपीडितांसाठी झटणाऱ्या स्यू यांनीही कॅथलिक श्रद्धा स्वीकारलेली होती. त्याच वर्षी या दांपत्याने देहरादून येथे कुष्ठरोगी व इतर व्याधिग्रस्तांसाठी 'राफाएल' हे केंद्र सुरू केले.

अखेरीस चेशायर यांना मज्जापेशींच्या असाध्य विकाराने गाठले. हातापायांतील बळ हळूहळू गेले. आता इतरांनी त्यांची शुश्रूषा करावी, अशी वेळ आली. ३१ जुलै १९९२ रोजी सफोक परगण्यातील कॅव्हेंडिश येथे त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांना माती देण्यात आली.