कातांचे नामकरण करणारे फुनाकोशी
वाशीम असो वा टोकियो, शोतोकान कराटे शिकणारे मूल पट्ट्याच्या परीक्षेसाठी ‘हेयान’ काता, म्हणजे डावांची ठरलेली मालिका, गिरवतेच. हे नाव गिचिन फुनाकोशी यांचे. ओकिनावात १८६८ मध्ये जन्मलेले हे शाळामास्तर १९२२ मध्ये प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले व तेथेच राहिले. गुरू इतोसू यांनी विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या ‘पिनान’चे त्यांनी ‘हेयान’, अर्थात शांती, केले. सोपा काता आधी यावा म्हणून पहिल्या दोहोंचा क्रमही बदलला. चिनी दूताच्या नावाचा ‘कुशांकू’ आकाशदर्शनाचा ‘कांकू’ झाला. चीनद्वेषाच्या त्या काळात कराटे जपानमध्ये रुजले खरे. कातांचे मूळ मात्र झाकले गेले. ज्युदोच्या धर्तीवर १९२४ मध्ये त्यांनी शिष्यांना पहिल्या ‘दान’ श्रेणी दिल्या. १९४५ च्या बॉम्बवर्षावात त्यांचा आखाडा बेचिराख झाला. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.