बोरीबंदर ते टाऊन हॉल : नानांच्या मुंबईत

मुंबईचं सीएसएमटी स्टेशन आपण सगळ्यांनी पाहिलंय, निदान सिनेमात तरी. पण त्याच्या दर्शनी भिंतीवर कोरलेले माणसांचे चेहरे किती जणांनी पाहिलेत? फोर्ट भागात रविवारी सकाळी निघणाऱ्या हेरिटेज वॉकला गेलो, तेव्हा आमच्या गाईडने वर बोट दाखवलं. ते चेहरे जीआयपी रेल्वेच्या संचालकांचे. दहा संचालकांत हिंदी माणसं दोनच, जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट.

नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. जन्म १० फेब्रुवारी १८०३, मुरबाडचा. घरात सराफी नि व्यापार. वडील १८२२ मध्ये गेले आणि एकोणिसाव्या वर्षी सगळा कारभार अंगावर पडला. आपण त्या वयात सेकंड इयरचे बॅकलॉग मोजत असतो!

मुंबई बंदरात माल यायचा तो गलबतांनी, पण आतल्या मुलखात जायचा बैलगाडीने. कापूस घाटावरून खाली येईपर्यंत पावसात सापडला की संपलं. नाना नि जमशेटजींनी १८४५ मध्येच रेल्वेसाठी संस्था काढली, ती पुढे जीआयपीत मिळाली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली. ३४ किलोमीटर, चौदा डबे, तीन इंजिनं, चारशेच्या आसपास पाहुणे, त्यात नानाही. तीच लाईन वाढत १८६७ ला नागपूरला पोचली, १८७० ला जलंबहून खामगावच्या कापूस बाजारात शिरली. आमच्या जानेफळपर्यंत काही आली नाही. आम्ही अजून एसटीने खामगाव नाहीतर शेगाव गाठतो, मग रेल्वे.

स्टेशनवरून चालत आम्ही हॉर्निमन सर्कलला आलो. ज्या कोटावरून या भागाला फोर्ट म्हणतात, तो १८६०च्या दशकात पाडला. समोर १८३३ चा टाऊन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक लायब्ररी. भल्यामोठ्या पायऱ्या चढून आत गेलं की नानांचा संगमरवरी पुतळा. बाकीचे लोक फोटो काढत होते. मला मात्र गाईडने सांगितलेली एक गोष्ट सोडवत नव्हती.

नाना सरकारच्या शिक्षण मंडळाचे सभासद होते. १८४७च्या आसपास तिथे मोठा वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचं म्हणणं, शिक्षण इंग्रजीतूनच द्या. विरुद्ध बाजूला जॉर्ज जर्विस. हा गडी लष्करी इंजिनिअर. त्याने १८२३च्या सुमारास मुंबईत इंजिनिअरिंगची शाळा चालवली होती आणि गणिताची पुस्तकं मराठीत करून ती मराठीतून शिकवली होती. हो, इंजिनिअरिंग, मराठीतून, दोनशे वर्षांपूर्वी! नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघेही जर्विसच्या बाजूने उभे राहिले. विद्या मूठभरांत न अडकता खाली पोचायची तर ती लोकांच्या भाषेतूनच, हा नानांचा मुद्दा. ते काही इंग्रजीचे वैरी नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचाच हात होता. पण वरचं शिक्षण शेवटी इंग्रजीतच राहिलं. फर्स्ट इयरला मेकॅनिक्सच्या तासाला 'मोमेंट' म्हणजे क्षण की काय, असं ज्यांना वाटलं त्यांना (आपल्या होस्टेलवर निम्मे तरी निघतील) हा वाद जुना वाटणार नाही.

नानांच्या गिरगावच्या वाड्यात मुलींची शाळा भरली. सोनापूरची स्मशानभूमी सरकार हलवू पाहत होतं, ती त्यांनी लढून राखली. १८५७ मध्ये बंडवाल्यांशी संबंध असल्याचा संशय त्यांच्यावर आला, पण काही सिद्ध झालं नाही. उलट १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. ३१ जुलै १८६५ ला वारले, खामगावला रेल्वे यायच्या पाच वर्षं आधी.

त्यांच्या नावाने पुढे मॅट्रिकच्या मुलांना मानाची शिष्यवृत्ती सुरू झाली. गंमत अशी, की ती संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी होती.