प्रवासी ह्युएनत्संग

कोणी परगांवीं निघाला म्हणजे घरांत किती गडबड उडते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. आई वाटेसाठीं फराळाचें बांधून देते, वडील पैसे नीट ठेवण्याविषयीं पुनःपुन्हां बजावतात, आणि पोंचतांच खुशाली कळविण्याचें कबूल केल्यावांचून कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकूं देत नाहीं. सुमारें १,४०० वर्षांपूर्वीं चीन देशांतून एक तरुण असा निघाला कीं, त्याला जाण्याची परवानगी नव्हती, उघडपणें निरोप देणारें कोणी नव्हतें, आणि परत येण्याचा भरंवसा तर मुळींच नव्हता. त्याचें नांव ह्युएनत्संग. इतिहासाच्या पुस्तकांत हर्षाच्या पाठांत हें नांव येतें, आणि चार ओळींत संपतें. परंतु तो येथवर आला कसा, वाटेंत त्याला कोणीं कोणीं थांबवून घेतलें, आणि तो तेथून सुटला कसा, ही कथा त्या चार ओळींत मावण्याजोगी नाहीं. तीच आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्युएनत्संगाचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास होनान प्रांतांत लोयांग शहराजवळ झाला. घराण्याचें नांव चेन. चार भावांत तो सर्वांत धाकटा. वडील विद्वान होते. सरकारी नोकरी सोडून ते ग्रंथवाचनांत काळ घालवीत. त्यांचें छत्र लवकरच हरपलें. दुसरा भाऊ बौद्ध भिक्षु होऊन लोयांगच्या विहारांत राहत असे. त्यानें या पोरक्या मुलाला आपल्याजवळ नेलें. तेराव्या वर्षीं त्याला विहारांत प्रवेश मिळाला. निवड करणाऱ्या अधिकाऱ्यानें दाराशीं उभा असलेला हा मुलगा पाहिला, त्याचें बोलणें ऐकलें, आणि वय कमी असूनहि त्याला आंत घेतलें. पुढें देशांत बंडाळी माजली, तेव्हां दोघे भाऊ पश्चिमेकडील चेंगतू शहरीं गेले. तेथें इ. स. ६२२ मध्यें ह्युएनत्संगानें पूर्ण भिक्षुदीक्षा घेतली.

चेंगतूमध्यें शांतता होती, मान होता, आणि पाठीशीं भाऊ होता. तरी त्याचें मन तेथें रमेना. इतर शहरांतील पंडितांकडे जाऊन शिकावें, ही ओढ त्याला लागली. भावानें नको म्हटलें. शेवटीं कांहीं व्यापाऱ्यांबरोबर नावेंत बसून तो गुपचूप निघून गेला. त्याला अडविणारा पहिला माणूस त्याच्यावर माया करणारा सख्खा भाऊच होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; कारण पुढें सबंध प्रवासांत हाच प्रसंग त्याच्यावर निरनिराळ्या रूपांनीं येणार होता.

चीनमध्यें बौद्ध ग्रंथांचीं भाषांतरें पुष्कळ होतीं. पण तीं निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या हातांनीं झालेलीं, कांहीं अपुरीं, तर कांहीं एकमेकांशीं न जुळणारीं. ह्युएनत्संग एकामागून एक गुरु गांठीत गेला, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा निघाला. तेव्हां जेथून हे ग्रंथ आले त्या भरतखंडांतच जावें, तेथील आचार्यांपाशीं बसून शिकावें, आणि योगाचारभूमि हा मोठा ग्रंथ समग्र मिळवावा, असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें व कांहीं सोबत्यांनीं बादशहाकडे अर्ज केला. थांग घराण्याचें राज्य तेव्हां नवें होतें, सरहद्दीवर तुर्कांची भीति होती, आणि प्रजाजनांना देशाबाहेर जाण्याची मनाई होती. अर्ज नामंजूर झाला. सोबत्यांनीं बेत सोडला. ह्युएनत्संगानें सोडला नाहीं. परंपरेप्रमाणें इ. स. ६२९ मध्यें, कांहीं विद्वानांच्या मतें ६२७ मध्यें, तो राजधानी चांगआन येथून पश्चिमेची वाट चालूं लागला.

ल्यांगचौ शहरीं सुभेदारानें त्याला परत फिरण्यास फर्माविलें. तेथील एका भिक्षूनें आपले दोन शिष्य गुप्तपणें त्याच्याबरोबर दिले. दिवसा लपावें आणि रात्रीं चालावें, असें करीत तो क्वाचौ येथें पोंचला. तेथें त्याचा घोडा मेला, आणि मागोमाग अटकेचें पत्रहि येऊन ठेपलें. पण तेथील अधिकारी सहृदय निघाला. त्यानें तें पत्र त्याच्यादेखत फाडून टाकलें व लवकर निघून जाण्यास सांगितलें. पुढें एका म्हाताऱ्यानें त्याला आपला तांबूस, वाळलेला घोडा दिला. त्या घोड्यानें वाळवंटापलीकडील हामी गांवाच्या वाऱ्या अनेकदां केल्या होत्या. वाटाड्या मात्र पहिल्याच रात्रीं धीर सोडून सुरी उपसून उठला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याला एकटा टाकून परतला.

हद्दीपलीकडे पहाऱ्याचे पांच बुरूज होते, आणि पाणी बुरुजांपाशींच मिळे. पहिल्या बुरुजाशीं पाणी भरीत असतां एक बाण गुडघ्याला लागतां लागतां राहिला. तेथील नायकानें त्याची हकीकत ऐकली, तेव्हां त्याला दया आली. पुढें मृत्यूच आहे, त्यापेक्षां जवळच्या तुनह्वांग शहरीं जाऊन तेथील पंडिताजवळ सुखानें राहावें, असें त्यानें सुचविलें. ह्युएनत्संगानें तें मानलें नाहीं. त्यानें निश्चय केला होता कीं, भरतखंड गांठल्याशिवाय पूर्वेकडे एकहि पाऊल टाकावयाचें नाहीं.

यानंतर ८०० ली लांबीचें वाळवंट लागलें. तीन ली म्हणजे सुमारें एक मैल. तेथें ना पक्षी, ना झाड, ना पाणी. वाटेंत मेलेल्या जनावरांचीं हाडें हीच खूण. त्यांतच तो वाट चुकला, आणि हातांतली पाण्याची पखाल निसटून सर्व पाणी वाळूंत गेलें. त्या क्षणीं तो परत फिरला. सुमारें दहा ली मागें आल्यावर त्याला आपला निश्चय आठवला, आणि त्यानें घोड्याचें तोंड पुन्हां पश्चिमेकडे वळविलें. चार रात्री व पांच दिवस त्याच्या घशांत पाण्याचा थेंब गेला नाहीं. पांचव्या रात्रीं गार वारा सुटला, घोडा उठला, आणि मालकाचें न ऐकतां एका बाजूला चालूं लागला. तेथें हिरवें गवत व पाण्याचें तळें होतें! तो म्हाताऱ्याचा घोडा वाट जाणत होता. हामीला पोंचल्यावर तेथील विहारांतून एक वृद्ध चिनी भिक्षु अनवाणीच, वस्त्रहि न सांवरतां, धांवत बाहेर आला, आणि आपल्या देशाचा माणूस दिसला म्हणून त्याला मिठी मारून रडला.

येथपर्यंत संकटें झालीं. आतां सुखाची पाळी आली. आणि आमच्या मतें तीच अधिक अवघड होती. हामीच्या पुढें तुर्फानच्या प्रदेशांत काउचांगचें राज्य होतें. तेथील राजा च्यू वेनताई यानें मुद्दाम माणसें पाठवून ह्युएनत्संगाला आपल्या नगरीं आणविलें, रात्रीं मशाली लावून स्वतः सामोरा आला, आणि त्यानें येथेंच राहून आपला गुरु व्हावें असा आग्रह धरला. विनंती चालेना तेव्हां राजा धमकीवर आला: राहावें, नाहीं तर चीनला परत पाठवूं. ह्युएनत्संगानें अन्न सोडलें. राजा स्वतःच्या हातानें ताट पुढें करी. तो स्पर्श करीत नसे. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशीं पाहुण्याचा श्वास क्षीण झालेला पाहून राजा शरमला आणि क्षमा मागूं लागला. राजमातेसमक्ष दोघांनीं बंधुत्वाची शपथ घेतली. ठरलें तें असें: पाहुण्यानें आणखी एक महिना राहून प्रवचन करावें, आणि परतीच्या वाटेवर येथें येऊन तीन वर्षें राहावें.

निरोपाची तयारी मात्र सख्ख्या भावाला शोभेल अशी झाली. वीस वर्षें पुरेल इतका खर्च, ३० घोडे, २५ चाकर, थंडीसाठीं मोजे व हातमोजे, आणि वाटेंतल्या २४ राज्यांच्या राजांना २४ पत्रें राजानें दिलीं. आपला देश ज्याला कोणी उघड निरोप न देतां सोडावा लागला, त्याला परक्या नगरींत घरच्यासारखा निरोप मिळाला.

पुढची वाट आम्ही भरभर सांगतों. कुचा येथें घाटांतील बर्फामुळें दोन महिने मुक्काम पडला. थ्येनशानच्या हिमाच्छादित पर्वतांतून सात दिवस चालतांना दहांतले तीन-चार सोबती दगावले. इसिक्कुल सरोवराच्या पुढें तुर्कांच्या खानानें मेजवानी केली आणि हिंदुस्थान फार उष्ण आहे, तिकडे जाऊं नये, असें प्रेमानें सांगितलें; ऐकत नाहीं हें पाहून दुभाष्या दिला. ताश्कंद, समरकंद, बल्ख करीत तो बामियानला आला. तेथें डोंगरांत कोरलेल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्ति त्यानें पाहिल्या व त्यांचें वर्णन केलें. त्या मूर्ति २००१ मध्यें तोफा व सुरुंगांनीं उडविण्यांत आल्या; त्यांच्या सोनेरी झळाळीची आठवण या प्रवाशाच्या लेखणींत उरली आहे.

हिंदुस्थानांत आल्यावर काश्मीरमध्यें तो दोन वर्षें शिकला, आणि पुढें नालंदा येथें वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या चरणांशीं बसला. ज्या ग्रंथासाठीं घर सोडलें तो योगाचारभूमि ग्रंथ त्यानें तेथें त्यांच्या मुखांतून ऐकला. नंतर दक्षिणेची यात्रा करतांना, इ. स. ६४१ च्या सुमारास, तो आपल्या महाराष्ट्रांत आला. तेव्हां येथें चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. उत्तरेचा सम्राट हर्ष यालाहि तो नमला नव्हता. येथील लोक मानी, उपकार न विसरणारे, अपमानाचा सूड घेणारे, पण संकटांतल्या माणसासाठीं स्वतःला विसरणारे आहेत, अशी नोंद त्यानें केली. पूर्व सीमेवरील डोंगरांतल्या ज्या विहाराचें त्यानें वर्णन केलें तो अजिंठ्याचा असावा, असें विद्वान मानतात.

परत जाण्याची वेळ आली तेव्हां पुन्हां तोच प्रसंग उभा राहिला. बुद्धाची भूमि सोडून कशाला जावें, असें नालंदाचे भिक्षु म्हणूं लागले. शिकलें तें आपल्या लोकांना नेऊन द्यावें यासाठींच आपण आलों, असें त्याचें उत्तर होतें. शीलभद्रांनीं तें ऐकून आनंदानें अनुमति दिली. कामरूपाच्या कुमार राजानें, तो राहील तर शंभर विहार बांधून देण्याचें कबूल केलें. हर्षानें इ. स. ६४३ मध्यें कनौजला त्याच्यासाठीं मोठी सभा भरविली, प्रयागच्या दानोत्सवास बरोबर नेलें, आणि निरोपाच्या वेळीं हत्ती व द्रव्य दिलें. तो कोणाचा मान न दुखवितां सर्वांचा निरोप घेऊन निघाला. सिंधु नदी ओलांडतांना वादळ झालें व ५० हस्तलिखितें वाहून गेलीं. त्यांतल्या कांहींच्या नव्या प्रती मिळवीपर्यंत तो थांबला.

काउचांगला दिलेलें वचन मात्र त्याला पाळतां आलें नाहीं. इ. स. ६४० मध्यें चीनच्या सैन्यानें तें राज्य जिंकलें, आणि त्याच वर्षीं राजा च्यू वेनताई मरण पावला. ज्या देशाच्या बादशहाची आज्ञा मोडून तो निघाला होता, त्याच बादशहानें त्याच्या मानलेल्या भावाचें राज्य बुडविलें. तो दक्षिणेच्या वाटेनें खोतानला आला. तेथून त्यानें बादशहाला पत्र लिहून, आपण परवानगीवांचून देश सोडला हें सरळ कबूल केलें, आणि सात-आठ महिने उत्तराची वाट पाहिली. पत्र घेऊन गेलेला तरुण काउचांगचाच होता. उत्तर आलें तें सन्मानाचें. इ. स. ६४५ मध्यें तो २० घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून चांगआनला परतला, तेव्हां रस्त्यांत लोक मावेनात.

बादशहानें त्याला सरकारी अधिकार देऊं केला. तोहि त्यानें नम्रपणें नाकारला. पुढच्या १९ वर्षांत त्यानें ७५ ग्रंथांचीं भाषांतरें केलीं. नालंदाच्या मित्रांशीं त्याचा पत्रव्यवहार चालूच होता, आणि सिंधूंत बुडालेल्या ग्रंथांची यादी त्यानें तिकडे धाडली. इ. स. ६६४ मध्यें त्याचा अंत झाला.

त्याआधीं सात वर्षें, ६५७ मध्यें, बादशहाबरोबर लोयांगला जाण्याचा योग आला असतां तो आपल्या जन्मगांवीं गेला. आप्तांपैकीं बहुतेक गेले होते; परगांवीं दिलेली एक थोरली बहीण तेवढी हयात होती. दोघांची भेट झाली. आईबापांच्या थडग्यांचा ठिकाणा त्याला तिलाच विचारावा लागला. तीं मोडकळीस आलीं होतीं; त्यानें परवानगी मागून त्यांचें नव्यानें दफन केलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येक ही शाळा सोडून लवकरच दूरच्या गांवीं, कोणी दूरच्या देशींहि जाल. वाटेंत अडवणारे भेटतील; त्यांच्याशीं झगडतां येतें. पण प्रेमानें थांबवणारेहि भेटतील, आणि त्यांचा हात सोडवून घेतांना मन कठोर होऊं न देणें, हें या प्रवाशापासून शिकण्यासारखें आहे. पालकांना आमची विनंती एवढीच कीं, मुलाला उंबऱ्यापाशीं अडवावेंसें वाटलें तर काउचांगच्या राजाची आठवण करावी. त्यानें आधीं अडविलें खरें. पण मग मोजे, घोडे आणि २४ पत्रें दिलीं. आणि मुलांनींहि, थडग्याची वाट बहिणीला विचारण्याची पाळी येण्यापूर्वीं, घराकडे एकदां येऊन जावें.