विश्लेषण : गांधीजींच्या आधी खादीची शपथ घेणारे सार्वजनिक काका कोण होते?

आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होते. वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना झटपट हवा होता ना! कापूस इथून जाई, तिकडचे कापड इथल्या बाजारात येई.

त्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांना हा उलटा व्यवहार खुपत होता. १८२८ मध्ये साताऱ्यात जन्मलेले काका पेशाने वकील. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी खादीच वापरण्याची शपथ घेतली. देशी मालाची दुकाने निघावीत म्हणून धडपडले, त्यापायी पदरचे पैसेही घातले.

कोष्ट्याच्या लेखी खादी म्हणजे रोजच्या वापराचे जाडेभरडे कापड. १८७७ च्या दिल्ली दरबारात काका सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले ते हेच कापड अंगावर घालून. भोवती राजेरजवाड्यांची जर आणि जवाहीर! साध्या कापडाचे तिथे जणू मागणीपत्र झाले.

पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घ्यायची वेळ आली. राजद्रोहाचा खटला, जवळ जायलाही लोक कचरत. काकांनी ते घेतले. वर्षभरातच, २५ जुलै १८८० रोजी, त्यांचे निधन झाले. तेव्हा गांधीजी अवघे दहा वर्षांचे होते.