काळोखातील सृष्टीचा शोधक

तापीचे पाणी ज्या अरबी समुद्रास मिळते, त्याच्या खोल तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाही. तेथील माशांची ओळख जगाला करून देणाऱ्यांत आल्फ्रेड विल्यम अल्कॉक अग्रणी होते. त्यांचा जन्म २३ जून १८५९ रोजी मुंबईत झाला. वडील जहाजाचे कप्तान. १८७६ मध्ये वडिलांना मोठी ठोकर बसली आणि इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेडची शाळा सुटली. वायनाडचे कॉफीचे मळे, कलकत्त्याची कचेरी, दार्जिलिंगची शाळा अशी त्याने ठिकठिकाणी नोकरी केली. परंतु विद्येची आस सोडली नाही. १८८५ मध्ये ॲबर्डीन येथे तो वैद्यकाचा पदवीधर झाला.

१८८८ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सागरी पाहणीच्या जहाजावर शल्यवैद्य व निसर्गशास्त्रज्ञ म्हणून अल्कॉक यांची नेमणूक झाली. सागराची खोली मोजणे हे जहाजाचे मुख्य कार्य. सवडीनुसार तळाशी जाळे सोडले जाई. वर येणाऱ्या काही माशांच्या अंगी स्वतःचाच प्रकाश असे, तर काहींचे डोळे क्षीण झालेले असत. पाऊण किलोमीटरहून अधिक खोलीवरचा, वीज निर्माण करणारा आंधळा पाकट मासा अल्कॉक यांनी १८९८ मध्ये प्रथम वर्णिला. पुढच्याच वर्षी भारतीय खोल सागरातील माशांची त्यांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली.

१९३३ मध्ये ते निवर्तले. शाळा सुटली, तरी त्यांनी शिकणे सुटू दिले नाही. म्हणूनच काळोखातील कितीतरी जीवांना नाव मिळाले.