माँटेसरीबाईंची अक्षरे

रोम शहरात सॅन लोरेन्झो नावाची गरीब कामकऱ्यांची वस्ती होती. तेथील पडक्या चाळी एका गृहसंस्थेने दुरुस्त केल्या आणि अनेक कुटुंबे तेथे राहावयास आली. आईबाप दिवस उजाडताच कामाला जात. शाळेत जाण्याचे वय न झालेली त्यांची मुले दिवसभर जिन्यांत हुंदडत आणि नव्याने रंगविलेल्या भिंती खराब करीत. भिंती वाचवावयाच्या, तर मुलांना कोठेतरी एकत्र सांभाळले पाहिजे, असे चालकांना वाटले. एवढ्या साध्या कारणाने ६ जानेवारी १९०७ रोजी चाळीच्या एका खोलीत सुमारे पन्नास मुलांचे बालगृह सुरू झाले. ते ज्यांच्या हाती सोपविले, त्या बाई शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. त्यांचे नाव मारिया माँटेसरी.

मारियाबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाले या गावी झाला. वडील सरकारी नोकर व जुन्या वळणाचे होते. मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, असे घरी वाटे. परंतु मारियाबाईंना नेमके तेच नको होते. आधी त्यांनी यंत्रशास्त्राचा ध्यास घेतला, मग वैद्यकाचा. वडिलांना हे रुचले नाही. आई मात्र पाठीशी उभी राहिली. पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने एका मुलीने शवविच्छेदन करणे तेव्हा अशिष्ट समजले जाई. म्हणून ते काम त्यांना इतर सर्व निघून गेल्यावर संध्याकाळी एकटीने करावे लागे. १८९६ साली त्या पदवीधर झाल्या.

डॉक्टर झाल्यावर वेड्यांच्या इस्पितळांत त्यांचे जाणे होऊ लागले. बुद्धीची वाढ खुंटलेली मुलेही तेथे वेड्यांबरोबरच कोंडलेली असत. जेवण झाले, की ती जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करीत. देखरेख करणाऱ्या बाईला तो अधाशीपणा वाटे. मारियाबाईंनी खोलीत चहूकडे पाहिले. मुलांच्या हाताला लागेल अशी दुसरी एकही वस्तू तेथे नव्हती. ही मुले अन्नाची नव्हे, हातांना काहीतरी काम मिळावे याची भुकेली आहेत, हे त्यांनी ओळखले. इतार व सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी फार पूर्वी प्रयत्न केले होते. त्यांचे ग्रंथ बाईंनी मिळविले आणि समजून घेता यावेत म्हणून स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. मग त्यांनी लाकडाची सुटी अक्षरे करविली. मुलांनी त्यांवरून बोटे फिरवावी, ती उचलावी, पुन्हा ठेवावी. या रीतीने शिकलेली काही मुले सरकारी शाळेच्या लेखन-वाचनाच्या परीक्षेत इतर मुलांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाली. लोकांनी त्याला चमत्कार म्हटले. बाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला : धडधाकट मुले शाळेत एवढी मागे का राहतात?

सॅन लोरेन्झोच्या बालगृहात लिहिणे-वाचणे शिकवावे, असा बाईंचा प्रथम विचार नव्हता. परंतु तेथील बहुतेक आयांना अक्षरओळख नव्हती, आणि आमच्या मुलांना तरी लिहावयास शिकवा, अशी त्यांनी गळ घातली. लाकडी अक्षरे करून देणारा कोणी मिळेना. तेव्हा बाई व त्यांच्या सहकारी शिक्षिका स्वतःच कात्री घेऊन बसल्या. सुतार लाकूड घासण्यासाठी जो खरखरीत कागद वापरतात, त्याची अक्षरे कापून त्यांनी गुळगुळीत पुठ्ठ्यांवर चिकटविली. मूल त्या अक्षरावरून लिहिण्याच्या वळणाने बोट फिरवी, आणि शिक्षिका अक्षराचे नाव न सांगता केवळ त्याचा ध्वनी उच्चारी. डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने अक्षर ओळखणे हा तर मुलांचा आवडता खेळ झाला.

दुसरा खेळ सुट्या अक्षरांचा. पेटीच्या कप्प्यांत कापलेली अक्षरे असत; स्वर एका रंगाचे, व्यंजने दुसऱ्या. शिक्षिका एक शब्द सावकाश उच्चारी. मूल त्यातील ध्वनी एकेक करून कानाने पारखी आणि ती अक्षरे शोधून ओळीने मांडी. इटालियन भाषेत बहुधा उच्चाराप्रमाणेच लेखन असते, त्यामुळे कानाला ऐकू आले ते हाताला सापडे. छपराला त्या भाषेत तेत्तो म्हणतात. त्यातील त जोराने, दुहेरी ऐकू येतो, म्हणून तेथे तेच अक्षर दोनदा ठेवावे लागते. असे बारकावे मुलांना कोणी नियम म्हणून पाठ करावयास लावले नाहीत. हाती लेखणी न धरता चार वर्षांची मुले शब्द जुळवू लागली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एके दिवशी स्वच्छ ऊन पडले होते. बाई मुलांना घेऊन गच्चीवर गेल्या. जवळच एक धुराडे होते. त्याचे चित्र काढ, असे सांगून त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू दिला. त्याने फरशीवर धुराडे काढले. बाईंनी शाबासकी दिली, तसा तो क्षणभर थांबला आणि मला लिहिता येते, मला लिहिता येते, असे ओरडू लागला. खाली बसून त्याने हात या अर्थाचा मानो हा शब्द लिहिला, मग धुराडे, मग छप्पर. इतर मुले धावत आली, खडू मागू लागली आणि तीही लिहू लागली. पुढील काही दिवस लेखनाला ऊत आला. जमीन, दारे, भिंती, काही पुरेना. ज्या भिंती वाचविण्यासाठी बालगृह निघाले, त्यांच्यावरच आता शब्द उमटले!

वाचनासाठी बाईंनी चिठ्ठ्यांचा खेळ काढला. टेबलावर खेळणी मांडलेली असत आणि त्यांची नावे लिहिलेल्या घड्या टोपलीत. चिठ्ठी उचलावी, मनात वाचावी, नाव स्पष्ट उच्चारावे, की ते खेळणे मिळे. मुलांनी चिठ्ठ्या भराभर वाचल्या. परंतु खेळणी नाकारली. त्यांना आणखी चिठ्ठ्या हव्या होत्या. बाई चकित झाल्या. खेळण्याची लालूच दाखविण्यात आपलीच चूक झाली, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

बाईंची कीर्ती देशोदेशी पसरली. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने प्रथम त्यांच्या शाळांना आश्रय दिला, परंतु तो टिकला नाही. १९३४ साली त्यांनी इटली सोडली. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. त्यांचा मुलगा मारिओ हा त्यांचा उजवा हात होता. त्या काळच्या समाजाच्या धाकामुळे लहानपणी त्याला परक्या घरी वाढू द्यावे लागले होते आणि जगापुढे त्याला मुलगा म्हणण्याचीही सोय नव्हती. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली. तेव्हा इंग्रज सरकारने मारिओला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. मारिओची सुटका झाली होती, आणि तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असाच केलेला होता.

भारतात त्यांनी एक हजाराहून अधिक शिक्षकांना शिकविले. त्यांच्या पद्धतीचा अभ्यास केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डी व कोसबाड येथे बालवाड्या चालविल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये मारियाबाईंचे निधन झाले. १९९० साली इटलीने आपल्या एक हजार लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. युरो हे चलन येईपर्यंत ती नोट बाजारात चालत होती. तिच्या मागच्या बाजूला अभ्यासात रमलेली मुले होती.